विश्लेषण : आपल्याच गाण्याची रिंगटोन कशी तयार करावी? ३० सेकंदांचे गणित काय?

लोकलच्या डब्यात एक फोन वाजतो आणि चार जणांचे हात खिशाकडे जातात. फोन एकाच कंपनीचे आणि त्यात आधीपासून असलेली धूनही एकच. त्यामुळे वाजतोय कोणाचा, हे कळायला स्क्रीनच पाहावा लागतो. स्वतःच्या संग्रहातील गाणे, घरातल्या कोणाचे गायन-वादन किंवा जुन्या कॅसेटमधला एखादा तुकडा रिंगटोन म्हणून लावला तर हा गोंधळ मिटतो. हे काम फुकटात आणि पाच-दहा मिनिटांत होते. मात्र हौसेने लावलेली रिंगटोन अनेकदा रस्त्यावर ऐकूच येत नाही किंवा गाण्याचे बोल सुरू होण्याआधीच कॉल कट होतो. असे का होते, रिंगटोन नेमकी कशी तयार करायची आणि कोणती काळजी घ्यायची, याविषयी...

रिंगटोन आणि कॉलर ट्यून यांत फरक काय?

या दोन्हींत नेहमी गल्लत होते. ज्याला फोन येतो त्याच्या हँडसेटमध्ये वाजते ती रिंगटोन. तिची फाइल फोनमध्येच असते आणि तिच्यासाठी दूरसंचार कंपनीला काहीही द्यावे लागत नाही. फोन करणाऱ्याला पलीकडून ऐकू येते ती कॉलर ट्यून. ती कंपनीच्या नेटवर्कवरून वाजते आणि सहसा कंपनीने दिलेल्या यादीतूनच निवडावी लागते. करोनाकाळात खोकल्याच्या आवाजाने सुरू होणारा संदेशही नेटवर्कवरूनच ऐकवला जात असे. म्हणून तो फोनच्या सेटिंग्जमधून बंद करता येत नव्हता. आपल्याकडच्या गाण्याचे हवे तसे करता येते ते रिंगटोनच्या बाबतीत.

३० सेकंदच का महत्त्वाचे?

भारतात मोबाइल किती वेळ वाजावा, हे ठरलेले आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, नोव्हेंबर २०१९ मध्ये मोबाइलसाठी ३० सेकंद आणि लँडलाइनसाठी ६० सेकंद ही मर्यादा घालून दिली. त्याआधी काही आठवडे कंपन्यांनी आपापसातील स्पर्धेतून रिंग २०-२५ सेकंदांवर आणली होती. त्या वेळी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर पहिल्या कंपनीला दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यावे लागत. रिंग लवकर थांबली की मिस्ड कॉल होतो, समोरचा उलट फोन करतो आणि पैशांचा ओघ उलटा फिरतो, असे ते गणित होते. ‘ट्राय’च्या निर्णयानंतर हा वाद मिटला.

रिंगटोन बनवणाऱ्यासाठी याचा अर्थ साधा आहे. चार मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे गाणे जसेच्या तसे लावले तर त्यातील पहिली ३० सेकंदेच वाजणार. उरलेली साडेतीन मिनिटे कधीच ऐकू येणार नाहीत. शिवाय गाणे दर वेळी सुरुवातीपासून वाजते. ज्या गाण्याची सुरुवात संथ आलापाने किंवा लांबलचक वाद्यमेळाने होते, त्याचा मुखडा येईपर्यंत फोन उचललेला तरी असतो किंवा कट झालेला तरी. म्हणून २० ते ३० सेकंदांचा तुकडा कापून घेणे आणि तो ओळखीच्या जागेपासून सुरू करणे, हाच खरा उपाय.

तुकडा छोटा असेल तर तो संपल्यावर बहुतेक फोनमध्ये पुन्हा पहिल्यापासून वाजतो. अशा वेळी मधेच तोडलेला ताल कानाला खटकतो. त्यासाठी पूर्ण आवर्तने मोजून कापावे. भजनी ठेका ८ मात्रांचा असतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक आवर्तन ४ सेकंदांचे आणि सहा आवर्तने २४ सेकंदांची होतात. समेवर सुरू करून पुढच्या समेच्या आधी थांबवले की सांधा जाणवत नाही.

कोणता तुकडा फोनवर चांगला वाजतो?

हेडफोनवर दमदार वाटणारे संगीत फोनच्या स्पीकरवर पोकळ का वाटते, याचे कारण स्पीकरच्या आकारात आहे. खालच्या पट्टीचा आवाज निर्माण करण्यासाठी बरीच हवा हलवावी लागते. फोनमधला इवलासा पडदा ती हलवू शकत नाही. ढोल-ताशाचे रेकॉर्डिंग रिंगटोन म्हणून लावून पाहिले की हे लगेच कळते. ताशाची तर्री स्पष्ट ऐकू येते, पण ढोलाचा ठोका जवळजवळ गायब होतो. तबल्यात चाट ऐकू येते, बायाची घुमक हरवते.

माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाजाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. सनई, व्हायोलिन, टाळ, ताशा यांच्या आवाजात या पट्ट्यातील अंश भरपूर असतो. म्हणून गर्दीतही ते उठून ऐकू येतात.

घरातील ज्येष्ठांच्या फोनसाठी मात्र हा नियम थोडा बदलावा लागतो. वय वाढते तशी आधी वरच्या पट्टीची श्रवणशक्ती कमी होते. आजीच्या फोनवर किणकिणणारी बारीक धून लावली तर शेजारच्या खोलीतल्या नातवाला ती ऐकू जाईल, आजीला जाणार नाही. अशा वेळी हार्मोनियम, मोकळ्या आवाजातील गायन किंवा घरच्याच कोणाची स्पष्ट हाक असा मधल्या पट्टीचा आवाज निवडावा. ज्येष्ठ एकटे राहत असतील तर घरून आलेला फोन ऐकू न जाणे ही किरकोळ बाब नसते.

स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ‘डाउनलोड’ केलेले गाणे का चालत नाही?

स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपल म्युझिकवर डाउनलोड केलेले गाणे फोनमध्ये साठवले जाते, पण कुलूपबंद स्वरूपात. ते त्या अ‍ॅपमध्येच आणि वर्गणी सुरू असेपर्यंतच उघडते. ते गाणे विकत घेतलेले नसते, भाड्याने घेतलेले असते. त्यामुळे कापण्यासाठी खुली फाइल हाती येत नाही. स्वतःच्या सीडीवरून संगणकात घेतलेली गाणी, विकत घेतलेल्या एमपीथ्री फाइल, आयट्यून्स स्टोअरवरून २००९ नंतर घेतलेली गाणी आणि स्वतः केलेले रेकॉर्डिंग यांना असे कुलूप नसते.

कापायचे कसे?

अनेक फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये कापण्याची, म्हणजे ‘ट्रिम’ची सोय असते. स्वतः रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी ती पुरेशी आहे. गाण्यासाठी संगणकावरील ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे.

१. मूळ फाइलची प्रत करावी. काम नेहमी प्रतीवरच करावे.

२. प्रत ऑडॅसिटीत उघडून हवा तो भाग माउसने निवडावा आणि ऐकून पाहावा.

३. सुरुवातीला अगदी किंचित ‘फेड इन’ आणि शेवटी छोटासा ‘फेड आउट’ द्यावा. त्यामुळे कापलेल्या जागी येणारा ‘टक्’ असा आवाज जातो. सलग पुन्हा वाजणाऱ्या तालाच्या तुकड्याला ‘फेड आउट’ नसलेलाच बरा.

४. आवाज लहान असेल तर ‘नॉर्मलाइझ’ वापरून वाढवावा.

५. निवडलेला भाग एमपीथ्री म्हणून एक्स्पोर्ट करावा. १९२ केबीपीएस दर्जाची ३० सेकंदांची फाइल जेमतेम ७२० केबीची होते.

एमपीथ्री फाइल पुन्हा एमपीथ्री म्हणून साठवली की दर वेळी आवाजातील काही माहिती गळते. म्हणून आधीच्या रिंगटोनमधून नवी कापू नये, मूळ फाइलपासूनच सुरुवात करावी.

अँड्रॉइडवर रिंगटोन कशी लावायची?

तयार फाइल फोनच्या अंतर्गत मेमरीतील ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्ये ठेवावी. मेमरी कार्डवर ठेवली आणि कार्ड काढले, तर फोन मूळ धूनवर परत जातो. त्यानंतर सेटिंग्जमधील ‘साउंड’ विभागात जाऊन ‘रिंगटोन’ उघडावे. फाइल यादीत दिसली नाही तर अधिकच्या (+) चिन्हावर टॅप करून ती निवडावी. कंपनीनुसार पर्यायांची नावे थोडी बदलतात. दोन सिम असलेल्या अनेक फोनमध्ये प्रत्येक सिमला वेगळी रिंगटोन देता येते. कामाचा नंबर कोणता आणि घरचा कोणता, हे त्यामुळे आवाजावरूनच कळते.

एखाद्याच व्यक्तीसाठी वेगळी रिंगटोन हवी असेल तर कॉन्टॅक्ट्समध्ये ते नाव उघडून तीन टिंबांच्या मेन्यूमधील ‘सेट रिंगटोन’ हा पर्याय वापरावा.

आयफोनवर काय बदलले?

आयफोनवर हे काम वर्षानुवर्षे किचकट होते. २०२५ मध्ये आलेल्या ‘आयओएस २६’पासून ते सोपे झाले. ‘फाइल्स’ अ‍ॅपमधील ३० सेकंदांपर्यंतची एमपीथ्री किंवा एमफोरए फाइल दाबून धरायची, ‘शेअर’ निवडायचे आणि ‘यूज अ‍ॅज रिंगटोन’वर टॅप करायचे. व्हॉइस मेमोमधील रेकॉर्डिंगही असेच लावता येते.

जुन्या आयओएसवर अ‍ॅपलचेच मोफत ‘गॅरेजबँड’ अ‍ॅप वापरावे लागते. त्यात गाणे आणून ३० सेकंदांपर्यंत कापायचे, ‘माय साँग्ज’मध्ये ते दाबून धरून ‘शेअर’ आणि पुढे ‘रिंगटोन’ निवडायचे.

आयफोनमधील आणखी एक सोय फारशी वापरली जात नाही. कॉन्टॅक्टमध्ये ‘एडिट’ करून ‘रिंगटोन’ उघडले की ‘इमर्जन्सी बायपास’ हा पर्याय दिसतो. तो सुरू केला तर फोन सायलेंटवर असतानाही त्या व्यक्तीचा कॉल वाजतो. घरात आजारी माणूस असेल तर ही सोय उपयोगी पडते. अँड्रॉइडवर ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये तारांकित कॉन्टॅक्ट्सना सूट देता येते.

जुनी कॅसेट किंवा व्हॉइस नोट असेल तर?

आजोबांचे भजन, लग्नातली सनई, शाळेच्या स्नेहसंमेलनातले गाणे असे बरेच काही घरोघरी कॅसेटमध्ये पडून आहे. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या जागेतून केबल काढून ती संगणकाच्या लाइन-इन किंवा माइकच्या जागेत जोडावी. लॅपटॉपला तशी सोय नसेल तर छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. प्लेअरचा आवाज आधी कमीच ठेवावा, नाहीतर रेकॉर्डिंग फाटते. ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटेच लागतात. रिंगटोनपुरता तुकडा न घेता पूर्ण कॅसेट ‘वेव्ह’ स्वरूपात साठवून ठेवणे शहाणपणाचे. सीडीच्या दर्जाने ती मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. फीत जुनी असते आणि ती पुढच्या वेळी चालेलच याची खात्री नसते.

व्हॉट्सअ‍ॅपवरील व्हॉइस नोट ‘ओपस’ स्वरूपात असते. ती आधी एमपीथ्रीमध्ये बदलून घेतली तर रिंगटोन लावताना अडचण येत नाही. आपल्यात नसलेल्या माणसाचा आवाज अशा नोटमध्ये असेल, तर ती फोनच्या एका फोल्डरवर सोडू नये. फोन हरवला, बिघडला किंवा सफाईच्या भरात चॅट मीडियासकट पुसले गेले, की तो आवाज परत मिळत नाही. क्लाउडवर एक आणि संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर एक, अशा दोन प्रती ठेवाव्यात आणि मगच रिंगटोन कापायला घ्यावी.

रिंगटोनच्या अ‍ॅप आणि संकेतस्थळांपासून धोका काय?

रिंगटोन ही आवाजाची फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी एमपीथ्री, एमफोरए, ओजीजी असे काही असते. ‘मोफत रिंगटोन’ म्हणून डाउनलोड केलेली फाइल एपीके निघाली तर ती रिंगटोन नाही, ते अ‍ॅप आहे. ती उघडू नये. रिंगटोन बदलणारी अ‍ॅप सिस्टीम सेटिंग्जची आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतात. फक्त कापण्यासाठी यांपैकी कशाचीच गरज नसते. एसएमएस वाचण्याची परवानगी मागणारे रिंगटोन अ‍ॅप तर लगेच काढून टाकावे, कारण बँकेचे ओटीपी एसएमएसनेच येतात. न मागता कॉलर ट्यूनसारखी सशुल्क सेवा सुरू झाली असेल तर ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा टोल फ्री क्रमांक आहे.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या रास्त वापराला सूट आहे. स्वतःकडच्या गाण्याचा तुकडा स्वतःच्या फोनवर लावणे आणि तोच तुकडा संकेतस्थळावर टाकणे किंवा विकणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी हक्कदाराची परवानगी लागते.

शेवटची चाचणी कोणती?

रिंगटोन लावल्यावर ती सेटिंग्जमध्ये ऐकून समाधान मानू नये. फोन नेहमीप्रमाणे खिशात किंवा पर्समध्ये ठेवावा, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवावा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करावा. पहिल्या तीन-चार सेकंदांत आपला फोन ओळखू आला तर काम झाले. आला नाही तर तुकड्याची सुरुवात पुढे सरकवून पुन्हा कापावे. मूळ फाइल जपून ठेवलेली असेल तर हे कितीही वेळा करता येते.