उभ्याने सांगितलेले महाभारत

महाभारत सांगायचे असेल तर बाईने ते बसून सांगावे, असा छत्तीसगडच्या पंडवानीतला दंडक होता. बैठकीतून, मुख्यतः गायनाच्या बळावर कथा पुढे नेणाऱ्या या शैलीला वेदमती म्हणतात. झाडूराम देवांगन यांच्यासारखे थोर गायक याच शैलीतले. दुसरी शैली कापालिक. तिच्यात कलावंत उभा राहतो, मंचभर फिरतो, घटकेत भीम होतो तर घटकेत दुःशासन. बाईने बसायचे, हा नियम तीजनबाईंनी मोडला. कापालिक शैलीत उभे राहून पंडवानी सादर करणारी पहिली स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या या उभे राहण्यामुळे बाईच्या वाट्याला अभिनय आला आणि त्याबरोबर विनोदही आला. त्याची चर्चा मात्र फार कमी झाली आहे.

भिलाईपासून 14 किलोमीटरवरच्या गनियारी गावात, पारधी समाजात 1956 साली त्यांचा जन्म झाला. आईचे वडील ब्रजलाल हे सबलसिंह चौहान यांचे महाभारत म्हणत. नात ते ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिला सगळे पाठ झाले. पुढे उमेदसिंह देशमुख यांनी तिला शिकवले. बाराव्या वर्षी लग्न झाले. बाईमाणसाने पंडवानी गायली म्हणून समाजाने तिला वाळीत टाकले. तिने स्वतःची झोपडी उभारली, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी आणि दाणागोटा मागून आणला, पण गाणे सोडले नाही. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला जाहीर कार्यक्रम झाला. बिदागी दहा रुपये.

मंचावर त्यांच्या एका हातात मोरपिसे लावलेला तंबोरा असे आणि दुसऱ्या हातात करताल. तंबोरा खांद्यावर गेला की ती भीमाची गदा, आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य, आणि कधी तोच द्रौपदीचे केस. पंडवानीचा खरा नायक अर्जुन नव्हे, भीम. खादाड, तापट, भोळा आणि अन्यायावर तुटून पडणारा भीम गावकऱ्यांना आपल्यातलाच वाटतो. शेजारी बसलेला साथीदार, म्हणजे रागी, हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो. त्याला उत्तर देताना कथेकरीण क्षणभर हस्तिनापुरातून निघून थेट समोरच्या गावात येते, आणि हशा पिकतो तो इथेच. आपल्याकडचा कीर्तनकार आख्यान मध्येच थांबवून श्रोत्यांच्या घरातले बोलतो, तशीच ही जागा. कीचकवधाचा प्रसंग आपण खाडिलकरांच्या 1907 सालच्या नाटकामुळे राजकीय अर्थाने ओळखतो. पंडवानीत अंधारात द्रौपदीच्या जागी जाऊन बसलेला भीम एखादी स्त्री रंगवते, तेव्हा बाईने पुरुष आणि त्या पुरुषाने बाई व्हायचे असते. हसू आणि संताप तिथे एकत्रच उसळतात.

या मुलखात हसवण्याचा हक्क मुख्यतः पुरुषांकडे होता. नाचा हे छत्तीसगडी लोकनाट्य रात्रभर चाले. त्यात विनोदाची धुरा जोक्कर वाही आणि स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवत. हबीब तन्वीर यांनी नाच्याचे कलावंत घेऊन 1975 साली ‘चरणदास चोर’ आकाराला आणले. त्यात राणीची भूमिका फिदाबाई मरकाम यांनी गाजवली. 1982 साली एडिंबरा महोत्सवात या नाटकाने फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला. याच कथेवर श्याम बेनेगल यांनी चित्रपट केला आणि त्यातून स्मिता पाटील पडद्यावर आल्या. तीजनबाईंच्या कलेचे मोल ओळखून त्यांना मोठ्या मंचापर्यंत नेणारेही तन्वीरच.

सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या आणि 1959 साली पहिली झोतभट्टी पेटलेल्या भिलाई पोलाद कारखान्याने तीजनबाईंना नोकरी दिली. गावाने दारे लावली, तरी कारखान्याच्या नगरीत उत्पन्नाची शाश्वती मिळाली. पुढे फ्रान्स, जर्मनी, तुर्कस्तान, मॉरिशस असे दौरे झाले. बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेतून त्या देशभरच्या घरांत पोहोचल्या. पद्मश्रीनंतर 2003 साली पद्मभूषण आणि 2019 साली पद्मविभूषण मिळाले. आज भिलाईच्याच उषा बारले कापालिक शैलीत गातात. त्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. वाळीत टाकण्याजोगा ठरलेला हा उद्योग अशा रीतीने परंपरा झाला.

तीजनबाईंना शाळा मिळाली नाही, तरी त्यांना लेखिका म्हणायला हवे असे मला ठामपणे वाटते. चौहानांची संहिता हा त्यांचा पाया. पण कुठे थांबायचे, भीमाच्या तोंडी कोणते छत्तीसगडी बोल घालायचे, रागीला कोणत्या शब्दांत गप्प करायचे, हे सगळे त्या उभ्या उभ्या ठरवत. ही रचनाच आहे. फक्त ती कागदावर नाही. म्हणून त्यांच्या ध्वनिफिती नुसत्या जपून भागणार नाही. रागीच्या प्रत्येक हुंकारासह, श्रोत्यांच्या प्रत्येक हशासह त्या शब्दशः उतरवल्या पाहिजेत आणि वाङ्मय म्हणून अभ्यासल्या पाहिजेत. पुरस्कारांनी गायिकेचा मान राखला आहे. रचनाकर्तीचा मान राखणे हे अभ्यासकांचे काम आहे.