नेमबाज पिवळा, नारिंगी, जांभळा चष्मा का घालतात? काचेचा रंग बदलला की नेमकं काय बदलतं?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन नेमबाजांचे फोटो जगभर फिरले. एक होती दक्षिण कोरियाची किम ये-जी. एका डोळ्यासमोर यंत्रासारखं छोटं भिंग, दुसऱ्या डोळ्यावर आडोसा, अगदी सायन्स फिक्शन सिनेमातलं पात्र वाटावं असा चष्मा. दुसरा तुर्कीचा युसूफ डिकेच. साधा टी-शर्ट, एक हात खिशात आणि नाकावर रोजच्या वापरातला चष्मा. दोघांनीही रौप्यपदक जिंकलं आणि सोशल मीडियाने लगेच निकाल लावून टाकला, की चष्मा-बिष्मा सगळा दिखावा आहे, खरा खेळाडू असाच खेळतो.

मीम म्हणून हे ठीक आहे. पण पॅरिसमधली ती दोन्ही रौप्यपदकं १० मीटर एअर पिस्तुलची होती, ही गोष्ट त्या गडबडीत राहून गेली. हा प्रकार बंद हॉलमध्ये होतो. तिथे ऊन नाही, ढग नाहीत, वारा नाही. पहिल्या शॉटला जो प्रकाश असतो तोच शेवटच्या शॉटला असतो. त्यामुळे तिथे काचेच्या रंगाचा प्रश्न फारसा येतच नाही.

मैदानात खेळल्या जाणाऱ्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये मात्र गोष्ट वेगळी असते.

एका तबकडीचा हिशोब

ट्रॅप आणि स्कीट हे शॉटगनचे प्रकार. यात हवेत उडणारी तबकडी फोडायची असते. तिला 'क्ले' म्हणतात, पण ती मातीची नसते. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांपासून ती बनवतात. तिचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे साधारण चहाच्या बशीपेक्षाही लहान. ट्रॅपमध्ये ती ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने नेमबाजापासून लांब पळते आणि पहिली फैर बहुतेकदा एका सेकंदाच्या आत झाडावी लागते.

प्राथमिक फेरीत अशा १२५ तबकड्या असतात, त्याही दोन दिवसांत विभागलेल्या. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन, दुपारचा लख्ख उजेड, मध्येच आलेला ढग आणि दुसऱ्या दिवशीचं भरून आलेलं आभाळ, हे सगळं एकाच स्पर्धेत वाट्याला येऊ शकतं.

एका तबकडीने काय फरक पडतो? पॅरिसमध्येच स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात अनंतजीत सिंग नरुका आणि महेश्वरी चौहान ही भारतीय जोडी कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून ४३-४४ अशी हरली. अंतर फक्त एका तबकडीचं. त्या पराभवाचा चष्म्याशी संबंध जोडायचं कारण नाही. पण ज्या खेळात पदक एका तबकडीवर ठरतं, तिथे तबकडी क्षणभर आधी दिसणं किती मोलाचं असेल हे यावरून कळतं.

रंगीत काच करते तरी काय?

पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. कोणतीही रंगीत काच प्रकाश वाढवत नाही, ती कमीच करते. पिवळा चष्मा घातल्यावर सगळं 'उजळ' वाटतं, तो भास असतो. डोळ्यापर्यंत पोहोचणारा एकूण प्रकाश थोडा घटलेलाच असतो.

मग उपयोग काय? काच सगळे रंग सारखे अडवत नाही. काही अडवते, काही सोडते. नेमबाजाला हवं ते इतकंच, की मागच्या देखाव्याचा रंग दबला पाहिजे आणि तबकडीचा रंग उठून दिसला पाहिजे. दोघांतला फरक वाढला की डोळ्याला तबकडी लवकर सापडते.

म्हणून 'आज ऊन आहे की ढग?' एवढा एकच प्रश्न पुरत नाही. 'तबकडीच्या मागे काय आहे?' हाही विचारावा लागतो. मागे निळं आकाश आहे की हिरवी झाडं, यावर उत्तर बदलतं.

कुठला रंग कधी?

पिवळा: हा निळा प्रकाश अडवतो. हवेतल्या कणांमुळे निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि धुरकटपणा वाढवतो. तो कमी झाला की कडा स्पष्ट वाटतात. ढगाळ हवा, सकाळचं धुकं, मळभ अशा वेळी पिवळा कामाला येतो. भर उन्हात मात्र डोळे दिपतात.

नारिंगी: पिवळ्याचाच थोडा गडद भाऊ. मागे निळं आकाश आणि पुढे नारिंगी तबकडी असेल तर आकाश गडद होतं, तबकडी तशीच राहते. ऊन-सावलीच्या दिवसात अनेकांची पसंती याला असते.

लालसर (व्हर्मिलियन) आणि जांभळा: हे दोन्ही हिरव्या रंगाला दाबतात. मागे झाडी असेल आणि तबकडी नारिंगी असेल, तर झाडी मंद होते आणि तबकडी पेटल्यासारखी दिसते. शॉटगन नेमबाजांच्या पेटीत जांभळी काच दिसते ती हौसेपोटी नाही.

तपकिरी: ऊन चांगलं आहे, पण फरकही वाढवायचा आहे, अशा वेळेसाठी. निळा प्रकाश कमी होतो आणि डोळ्यांना आरामही मिळतो.

राखाडी: हा सगळे रंग जवळपास सारखेच कमी करतो. त्यामुळे रंग खरे दिसतात, फक्त प्रखरता उतरते. कडक ऊन, पांढरं झगझगीत आकाश यासाठी बरा. मात्र तबकडी उठावदार करण्यात याची मदत नाही.

पारदर्शक: संध्याकाळ, दिव्याखालचा सराव, इनडोअर रेंज. इथे रंगाची गरज नसते, पण डोळ्यांच्या संरक्षणाची असते.

महाराष्ट्रातल्या नेमबाजाला यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पावसाळ्यात रेंजच्या मागची टेकडी हिरवीगार असते, तेव्हा जांभळी काच कमाल करते. तीच टेकडी एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताने पिवळट-तपकिरी होते. आता नारिंगी तबकडी आणि मागचं गवत यांच्या रंगात फारसा फरकच उरत नाही, मग काच कशातून काय वेगळं काढणार? रेंज तीच, तबकडी तीच, पण ऋतू बदलला की काचही बदलावी लागते. नियमांत तबकडीसाठी पांढरा, पिवळा, काळा असे वेगवेगळे रंग चालतात, त्याचा उपयोग इथेच होतो. आयोजक मागच्या देखाव्यावर उठून दिसेल असा रंग निवडू शकतात.

जास्त गडद म्हणजे जास्त चांगलं? नाही!

उन्हात उभं राहायचं म्हणून सगळ्यात काळी काच घ्यायची, ही नवख्यांची नेहमीची निवड. इथे डोळ्याची रचना आडवी येते.

प्रकाश कमी झाला की बाहुली मोठी होते. कॅमेऱ्याचं ॲपर्चर उघडल्यावर मागचं-पुढचं धूसर होतं, तसंच डोळ्याचंही होतं. बाहुली जितकी मोठी, तितका एका वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा कमी. पिस्तुल आणि रायफलच्या नेमबाजाला याचा फटका जास्त बसतो. त्याला पिस्तुलाची किंवा रायफलची फ्रंट साइट स्पष्ट दिसायला हवी आणि त्याच वेळी लांबचं टार्गेटही बऱ्यापैकी ओळखू यायला हवं. काच गरजेपेक्षा गडद असेल, तर दोन्ही एकदम सांभाळणं अवघड होतं.

किम ये-जीच्या चष्म्यासारख्या चष्म्यांचं रहस्यही इथेच आहे. डोळ्यासमोर लहान-मोठं करता येणारं छिद्र बसवलं की बाहुली लहान झाल्याचा परिणाम मिळतो आणि जवळचं-लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं. रायफलमध्ये हे छिद्र मागच्या साइटवरच असतं आणि त्यातच रंगीत फिल्टरही बसवता येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारात टार्गेटवरचं १० गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. ५० मीटरवरून ते वेगळं दिसतही नाही. नेमबाज मोठ्या काळ्या गोलावर नेम धरतो. ऊन-ढगाचा खेळ सुरू झाला की तो गोल लहान-मोठा भासतो, साइटच्या कडेवर चमक येते आणि नेम नकळत सरकतो.

म्हणून सोपा नियम असा: डोळे बारीक करावे लागणार नाहीत इतपतच गडद, त्यापेक्षा जास्त नाही.

हे मोजायचं कसं? काचेवर किंवा तिच्या माहितीपत्रकात 'व्हीएलटी' लिहिलेलं असतं. म्हणजे काच किती टक्के प्रकाश आत सोडते. युरोपीय पद्धतीत याचे ० ते ४ असे वर्ग आहेत. वर्ग ० मध्ये ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो, वर्ग १ मध्ये ४३ ते ८०, वर्ग २ मध्ये १८ ते ४३, वर्ग ३ मध्ये ८ ते १८ आणि वर्ग ४ मध्ये ३ ते ८ टक्के. वर्ग ४ ची काच घालून गाडी चालवणंही चालत नाही. एकच रंग वेगवेगळ्या व्हीएलटीमध्ये मिळतो, त्यामुळे फक्त 'जांभळी द्या' म्हणून भागत नाही.

आपोआप बदलणारी काच घेतली तर?

उन्हात गडद आणि सावलीत फिकी होणारी फोटोक्रोमिक काच ऐकायला आदर्श वाटते. अडचण वेळेची आहे. गडद व्हायला तिला काही सेकंद पुरतात, पण पुन्हा फिकी व्हायला काही मिनिटं लागतात. ढग एवढा वेळ थांबत नाही. शिवाय कडक उष्म्यात ती थंडीतल्याइतकी गडद होत नाही. दिवसभराच्या सरावाला ठीक, पण ऊन-सावलीच्या दिवशी स्पर्धेत तिच्यावर अवलंबून राहणं जोखमीचं.

पोलराइज्ड काच पाण्यावरची, रस्त्यावरची चमक कापते. पण तबकडीवरची जी चमक तिला ओळखायला मदत करते, तीही कमी होऊ शकते. त्यामुळे याबाबत नेमबाजांमध्येच दोन तट आहेत.

आधी संरक्षण, मग रंग

रेंजवर फुटलेल्या तबकडीचे तुकडे, उडणारी रिकामी काडतुसं, क्वचित मागे येणारा छर्रा, हे सगळं डोळ्यांकडे येऊ शकतं. म्हणून काच पॉलिकार्बोनेटची हवी आणि तिच्यावर 'ॲन्सी झेड ८७.१' किंवा 'ईएन १६६' यांसारख्या मानकाची खूण हवी. डिकेचच्या फोटोवरून धडा घेऊन कुणी शॉटगन रेंजवर उघड्या डोळ्यांनी उभं राहत असेल, तर ते धाडस नाही, निष्काळजीपणा आहे.

दुसरी गोष्ट अतिनील किरणांची. काच गडद आहे म्हणजे ती अतिनील किरण अडवतेच असं नाही. उलट, स्वस्त गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि ते किरण आत जायला जास्त जागा मिळते. 'यूव्ही ४००' असं लिहिलेलं असेल तरच खात्री. चांगल्या पॉलिकार्बोनेटमध्ये, अगदी पारदर्शक काचेतही, हे संरक्षण असतं.

आणि सोशल मीडियावर दिसणारे 'नाइट व्हिजन' पिवळे चष्मे? २०१९ मध्ये अमेरिकेत रात्रीच्या ड्रायव्हिंगवर झालेल्या एका अभ्यासात पिवळ्या काचांमुळे पादचारी जास्त चांगले दिसतात असं आढळलं नाही. अंधारात प्रकाश आधीच कमी असतो, त्यात आणखी कमी करून फायदा होणार कसा?

मग सुरुवात कशी करायची?

दहा काचांचा संच घेण्याची घाई नको. पारदर्शक, फिकी पिवळी किंवा नारिंगी, मध्यम जांभळी आणि राखाडी किंवा तपकिरी, एवढ्या चार काचांमध्ये बहुतेक दिवस निघतात. काच बदलता येईल अशी फ्रेम घ्यावी. नंबर असेल तर नेत्रतज्ज्ञाला बंदुकीचा प्रकार सांगावा, कारण पिस्तुलवाल्याला हाताच्या अंतरावरची साइट स्पष्ट लागते आणि शॉटगनवाल्याला लांबची तबकडी.

चाचणी बंदूक न उचलता करता येते. दुसरे नेमबाज खेळत असताना सुरक्षित जागेवरून, डोळ्यांवर चष्मा ठेवूनच, प्रत्येक काचेतून दहा-दहा तबकड्या बघायच्या. कुठल्या काचेतून तबकडी लवकर दिसते? डोळे कधी बारीक होतात? हवा, वेळ, मागचा देखावा आणि काच हे वहीत लिहून ठेवायचं. लाल-हिरवा रंगभेद कमी जाणवणाऱ्यांनी तर दुसऱ्याच्या शिफारशीवर जाऊच नये, कारण तीच काच त्यांना वेगळी दिसते.

स्पर्धेच्या दिवशी काच फेरी सुरू होण्याच्या काही मिनिटं आधीच चढवावी, डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. बदलायची झाली तर दोन फेऱ्यांच्या मध्ये. आणि दोन काचांमध्ये ठरत नसेल, तर फिकी घ्यावी.

काच नेम शिकवत नाही, ते काम सरावाचंच. पण ढग आला म्हणून दिसलीच नाही, अशी एखादी तबकडी ती वाचवू शकते. पदक जेव्हा ४३ आणि ४४ च्या मध्ये अडकलेलं असतं, तेव्हा तेवढंही पुरतं.