गॅस इंजिनाचा वेग आवरताना

चार ध्रुवांच्या जनित्रातून ५० हर्ट्झची वीज हवी असेल, तर इंजिनाने मिनिटाला १५०० फेरे घ्यायला हवेत. पंप लागला की भार वाढतो, वेग घसरतो. पंप थांबला की वेग उसळतो. त्याला लगाम घालतो तो गव्हर्नर.

जुन्या गॅस इंजिनांचा गव्हर्नर भलताच धसमुसळा होता. त्या पद्धतीचं नावच ‘हिट अँड मिस’. वेग मर्यादेपुढे गेला की गॅसची झडप उघडायचीच नाही! चार-स्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरात मुळात दोन फेऱ्यांतून एकदाच स्फोट होतो. तोही चुकवला की सगळी भिस्त जड फ्लायव्हीलवर. पिठाच्या गिरणीचं त्यामुळे अडत नसे, विजेचे दिवे मात्र लुकलुकत.

आता थ्रॉटल कमीजास्त उघडून मिश्रणाचा ओघ बदलतात. तरी खरी अडचण उरतेच. डिझेल इंजिनात इंधन थेट सिलिंडरात फवारलं जातं, त्यामुळे गव्हर्नरचा हुकूम लगेच लागू होतो. बऱ्याच गॅस इंजिनांत मात्र गॅस आणि हवा आधी मिक्सरमध्ये मिसळतात आणि टर्बोचार्जर, कूलर, नळ्या असा प्रवास करून सिलिंडरापर्यंत पोचतात. वेग अजून चढला नाही म्हणून गव्हर्नर थ्रॉटल आणखी उघडतो. मागाहून आलेली ताकद वेगाला १५०० पलीकडे नेते. मग तो ओघ तोडतो, त्याचाही परिणाम उशिराच. इंजिन ‘हंटिंग’ करू लागतं. असे हेलकावे कधी विरतात आणि कधी वाढत जातात, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्येच एका निबंधात मांडलं होतं. त्याच्याच विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांपुढे तो निबंध झाकोळला, हे काही बरं झालं नाही.

दोन जनित्रं जोडीने चालवताना तर गव्हर्नरला मुद्दाम ढिलाई देतात. तिला ‘ड्रूप’ म्हणतात. ४ टक्के ड्रूप म्हणजे रिकाम्या इंजिनाचा वेग १५६०, पूर्ण भारावर १५००. आपसांत ताळमेळ नसताना दोघांनीही नेमक्या १५०० चा हट्ट धरला, तर एक सगळा भार ओढून घेतं आणि दुसरं रिकामं पळतं.

पाइप गॅस आलेल्या शहरांत सोसायटीसाठी गॅसवरचं जनित्र घेणार असाल, तर नुसते किलोव्हॅट विचारू नका. एका झटक्यात ते किती टक्के भार पेलतं आणि वेग किती सेकंदांत सावरतो, हे लेखी मागा. लिफ्ट आणि पंप एकाच क्षणी सुरू होणार नाहीत, अशी जोडणीही करून घ्या.