नव्या वेगवान मोटारीची पहिली सर्व्हिस

हार-नारळ होतो, पेढे वाटले जातात, नव्या गाडीचे छायाचित्र नातेवाइकांपर्यंत पोहोचते आणि मालकाचे लक्ष साहजिकच रस्त्याकडे वळते. या गडबडीत गाडीसोबत मिळालेली मालक-पुस्तिका मात्र समोरच्या कप्प्यात न उघडताच पडून राहते. पहिली सर्व्हिस केव्हा, कशासाठी आणि कोणत्या अटींवर करावयाची, हे सारे त्या पुस्तिकेत लिहिलेले असते. साध्या कौटुंबिक गाडीच्या बाबतीत हे दुर्लक्ष एखादे वेळी खपून जाते. मोटार वेगवान असेल तर त्याची किंमत मोठी असते आणि ती बहुधा वॉरंटी संपल्यावर, कर्जाचे हप्ते चालू असतानाच चुकती करावी लागते.

सामान्य प्रवासी मोटारीपेक्षा अधिक शक्तीचे इंजिन, अधिक पकडीचे टायर आणि अधिक सक्षम ब्रेक असलेल्या गाडीस परफॉर्मन्स कार असे म्हणण्याचा प्रघात आहे. २००४ मध्ये भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसने टर्बो पेट्रोल इंजिनाची ओळख येथील अनेक हौशी चालकांना करून दिली. त्यानंतर २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०२१ मध्ये ह्युंदाई आय२० एन लाइन आणि २०२२ मध्ये १५० अश्वशक्तीची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी अशा गाड्या येत गेल्या. एके काळी श्रीमंतांची मानली जाणारी ही हौस आता पगारदार कुटुंबाच्या आवाक्यात आली आहे, आणि त्यामागे बहुधा बँकेचे वाहन कर्ज असते.

पहिल्या किलोमीटरांचे महत्त्व

नव्या इंजिनातील सिलिंडरच्या आतील भिंतीवर अतिसूक्ष्म तिरप्या रेघा मुद्दाम कोरलेल्या असतात. या रेघांत तेल टिकून राहते आणि पिस्टनवरील रिंगा त्या भिंतीशी घासून हळूहळू नीट बसतात. ही क्रिया पहिल्या काही शे किलोमीटरांत होते व त्या वेळी धातूचे बारीक कण तेलात मिसळतात. रिंगा नीट बसल्या नाहीत तर इंजिन पुढे आयुष्यभर तेल पीत राहते. म्हणूनच आरंभीच्या काळात इंजिन सतत एकाच गतीवर चालवू नये, थंड इंजिनावर जोर देऊ नये आणि वरच्या गिअरमध्ये अगदी कमी गतीवर ते रेटूही नये.

टर्बोचार्जरची बाब याहून नाजूक आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर त्याचे चक्र फिरते. लहान टर्बोमध्ये या फेऱ्यांची संख्या मिनिटाला दोन लाखांच्या घरात जाऊ शकते. या चक्राचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरत असतो. द्रुतगती मार्गावर गाडी जोरात चालवून आल्याबरोबर इंजिन बंद केले, तर तप्त भागात अडकलेले तेल जळून त्याची काजळी साचते. अशा वेळी शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश चालवावा किंवा इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवावे.

टायर आणि ब्रेक यांनाही सरावण्यास वेळ लागतो. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा अंश राहिलेला असतो, त्यामुळे पहिल्या सुमारे ३०० किलोमीटरांत त्यांची पकड पूर्ण नसते. ब्रेकच्या चकत्या व पॅड एकमेकांशी जुळण्यास साधारण ५०० किलोमीटर लागतात. गाडीची खरी शक्ती अजमावण्याचा मोह ज्या दिवसांत सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच दिवसांत गाडी त्यासाठी तयार नसते.

सर्व्हिस नेमकी केव्हा?

याचे एकच उत्तर सर्व गाड्यांस लागू पडत नाही. अनेक उत्पादक पहिली तपासणी १,००० ते २,००० किलोमीटर किंवा एक-दोन महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा ठरवितात. या ‘जे आधी’ शब्दांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीचे अंतर भरत नाही, परंतु मुदत मात्र भरते.

अतिवेगवान गाड्यांसाठी नियम अधिक कडक असतो. बीएमडब्ल्यूच्या एम४ या गाडीत पहिले २,००० किलोमीटर इंजिनाची गती मिनिटाला ५,५०० फेऱ्यांच्या आणि वाहनाचा वेग ताशी १७० किलोमीटरांच्या आत ठेवावयाचा असतो. २,००० किलोमीटर पूर्ण झाल्यावर इंजिनाचे व मागील डिफरन्शियलचे तेल बदलले जाते, कारण धातूचे कण या दोन्ही ठिकाणी जमा झालेले असतात. याउलट बहुतेक मध्यम किमतीच्या टर्बो गाड्यांत पहिल्या भेटीत केवळ तपासणी होते आणि तेल पुढच्या सर्व्हिसमध्ये बदलावयाचे असते. शेजाऱ्याच्या गाडीचे तेल बदलले म्हणून आपलेही बदलावे, किंवा त्याचे बदलले नाही म्हणून आपलेही टाळावे, असे करू नये. आपल्या गाडीची पुस्तिका हाच प्रमाणग्रंथ मानावा.

वर्कशॉपमध्ये काय पाहावे?

पहिली सर्व्हिस म्हणजे गाडी धुऊन, पुसून परत घेणे, अशी समजूत अजूनही आढळते. वास्तविक, कारखान्यातून निघालेल्या यंत्राची प्रत्यक्ष वापरानंतर होणारी ही पहिली परीक्षा होय. गाडी सोपविताना सर्व्हिस ॲडव्हायझरकडून पुढील बाबी जॉबकार्डवर लिहून घ्याव्यात.

• इंजिन तेलाची पातळी. नवे इंजिन आरंभी थोडे अधिक तेल खर्च करते. घरीही सपाट जागेवर, पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने ती पाहावी. तेल घालावे लागल्यास किती घातले, याची नोंद ठेवावी.

• तेलाचा दर्जा. डब्यावर ५डब्ल्यू-३० अशी खूण असते. त्यातील पहिला आकडा थंडीतील व दुसरा तापलेल्या इंजिनातील तेलाच्या दाटपणाचा निर्देश करतो. आकडे जुळले म्हणजे काम झाले असे नाही. उत्पादकाने मान्यता दिलेल्या प्रतीचा सांकेतिक क्रमांकही जुळला पाहिजे.

• टायरमधील हवा. वाहतुकीत टायरचा आकार बिघडू नये म्हणून कारखान्यातून त्यांत जादा हवा भरलेली असते. वितरणापूर्वी ती कमी करावयाची राहून गेल्यास गाडी उडते व ब्रेक लावताना पकड घटते. योग्य दाबाचा तक्ता बहुधा चालकाच्या दारापाशी चिकटविलेला असतो.

• चाकांचे नटबोल्ट नियत जोराच्या पान्याने आवळलेले आहेत का, तेल, पाणी वा कूलंट कोठे झिरपते का, आणि खालच्या बाजूस दगडाचा वा गतिरोधकाचा मार बसला आहे का. कमी उंचीच्या गाड्यांना आपले गतिरोधक विशेष बाधतात.

• संगणकातील नोंदी. गाडीस यंत्र जोडून नियंत्रक संगणकात साठलेले दोष वाचता येतात व उत्पादकाने दिलेली सुधारित प्रणाली भरता येते. या वाचनाचा अहवाल मागून घ्यावा.

एखादा आवाज, कंप किंवा गिअर बदलताना बसणारा झटका जाणवत असेल, तर तो तंत्रज्ञास शेजारी बसवून रस्त्यावर दाखवावा. ‘गाडी नवी आहे, आपोआप जाईल’ असे उत्तर मिळाले तरी तक्रार जॉबकार्डवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

मोफत सर्व्हिस म्हणजे सर्वसाधारणपणे मजुरी मोफत, एवढाच अर्थ होतो. तेल, फिल्टर व इतर खर्चाच्या वस्तूंचे पैसे द्यावे लागतात. इंजिनात घालावयाची विशेष द्रव्ये, रंगावरील लेप, डब्यातील सुगंध अशा गोष्टी बिलात जोडल्या जात असतील, तर त्या पुस्तिकेतील वेळापत्रकात आहेत काय, हे विचारावे. नसतील तर नम्रपणे नाकाराव्यात. पुण्यात गाडी घेऊन इंदूर वा बंगळूर येथे बदलीवर गेलेल्या ग्राहकास ही सर्व्हिस तेथील अधिकृत केंद्रात करून घेता येते. त्यासाठी मूळ विक्रेत्याकडे परतण्याचे कारण नाही.

कर्जदाराच्या दृष्टीने

आता या विषयाची आर्थिक बाजू पाहू. समजा, एका ग्राहकाने १५ लाख रुपयांचे वाहन कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे २४,१३४ रुपये येतो. गाडीची वॉरंटी तीन वर्षांची असेल, तर ती संपते त्या दिवशी सुमारे ९ लाख ७० हजार रुपये मुद्दल फेडावयाचे शिल्लक असते. म्हणजे पुढील चार वर्षे गाडी बँकेकडे नजरगहाण असते, हप्ता चालू असतो आणि इंजिन वा टर्बोच्या बिघाडाचा भार सर्वस्वी मालकावर असतो.

विम्याची पॉलिसी या ठिकाणी उपयोगी पडत नाही. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार झीज, घसारा आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड ही हानी भरून मिळत नाही. आयोजित शर्यत व वेगचाचणी यांसाठी केलेला वापरही संरक्षणाबाहेर असतो, हे वेगवान गाडीच्या मालकाने विशेष ध्यानात ठेवावे. इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी नियंत्रक संगणकाची प्रणाली बाहेरून बदलून घेतल्यास उत्पादक वॉरंटी नाकारू शकतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनात मूळ तपशिलाहून वेगळे बदल करण्यावर मर्यादा घालते.

वॉरंटीचा दावा मान्य होण्यासाठी सर्व्हिस वेळेवर झाल्याची नोंद लागते. ती साखळी पहिल्याच कडीपाशी तुटली, तर पुढील वाद अवघड होतो. यास्तव जॉबकार्डाची प्रत, कर-बिल, बदललेल्या भागांची यादी आणि शिक्का मारलेले सर्व्हिसचे पान एका फाइलमध्ये ठेवावे. दोष वारंवार सांगूनही दूर न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये आयोगाकडे जाण्याची मुदत दाव्याचे कारण उद्भवल्यापासून सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे. तेथे तोंडी सांगण्यापेक्षा जॉबकार्डवरील चार ओळी अधिक मोलाच्या ठरतात. पुढे गाडी विकावयाची वेळ आली, तर खरेदीदारही प्रथम हीच फाइल मागतो. भरधाव चालविण्याच्या मोहास बळी पडलेली गाडी आणि जपून वापरलेली गाडी बाहेरून सारखीच दिसते; दोहोंतील फरक कागदच सांगतो.

हप्त्याची तारीख बहुतेक ग्राहकांच्या तोंडी असते. तिच्याच शेजारी घरातील दिनदर्शिकेवर पहिल्या सर्व्हिसची तारीख व किलोमीटर लिहून ठेवावेत, आणि त्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी ती मालक-पुस्तिका कप्प्यातून काढून शांतपणे वाचावी. सात वर्षांनी शेवटचा हप्ता भरून नजरगहाणाची नोंद उतरविली जाईल, तेव्हा हाती येणारी गाडी पूर्वीच्याच जोमाने धावणारी असावी, याची तजवीज या पहिल्या दोन महिन्यांतच करावयाची असते.