नळी गावात आली, पुढे काय?

१ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्या काळी लकवा मारलेल्या म्हाताऱ्या माणसाला गिळता येईनासे झाले, की घरचे नागपूरची गाडी पकडत. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज नाकातल्या नळीसह सुट्टी झालेले आजी-आजोबा देवरी, सालेकसाच्या घरांतही दिसतात. नळी जुनीच, १९२१ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन राइल यांनी सुचवलेली.

बदलले नाही ते नळीतून जाणारे अन्न. धानाचा जिल्हा, म्हणून पेज. गरम असते तोवर ती सरसर उतरते. निवली की घट्ट होते, सिरिंजचा दट्ट्या हलत नाही. मग सून पाणी वाढवते. पोट भरते, अंग झिजत जाते. वरणाच्या वरच्या पाण्याचेही तेच, कारण प्रथिने खाली बसलेल्या डाळीत राहतात. ६० किलोच्या वृद्धाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने लागतात, ती या पाण्यातून कुठून मिळणार?

उपाय घरातच आहे. मोड आणून वाळवलेल्या, हलक्या भाजलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ कोमट पेजेत कालवले, की त्यातले अमायलेज हे विकर पेजेतले पिष्ट तोडते आणि पेज सैल होते. मग तेवढ्याच पेल्यात जास्त धान्य, बारीक वाटून गाळलेली डाळ, दूध, चमचाभर तेल मावते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. भरवताना आणि नंतर अर्धा तास उशाशी उंच टेकण हवे, शेवटी नळीत स्वच्छ पाणी सोडायचे. हे सगळे वॉर्डातच शिकवायला हवे, सुनेच्या हातून एकदा करून घेऊन.

पण नळी प्रत्येकालाच हवी असे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर शुद्ध हरपून अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना सहकारी परिचारिकांनी वर्षानुवर्षे तोंडाने भरवले. नळी आली ती सप्टेंबर २०१० मधल्या तापानंतर. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीपेक्षा हाताने, सावकाश भरवावे, असे अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१४ मध्ये सांगितले. अशा घरी नळी घालण्याआधीच हे बोलणे व्हावे, असे मला मनापासून वाटते.

लकव्याचे वेगळे. त्यात अनेकांचे गिळणे काही आठवड्यांत परत येते, पण पुन्हा तपासायला कोणी बोलावत नाही आणि नळी तशीच राहते. सुट्टीच्या कागदावर औषधांच्या खाली गिळणे तपासण्याची तारीख लिहिलेली हवी.