नवऱ्याचा देश तोच बायकोचा
पंखांची पहिली वर्षं : लेखांक ९

बर्लिनच्या आग्नेयेला योहानिस्टाल नावाचं मैदान होतं. जर्मनीतल्या पहिल्यावहिल्या विमानतळांपैकी एक तिथे १९०९ मध्ये सुरू झाला. दोनच वर्षांत कारखाने, उड्डाणशाळा आणि तिकीट काढून उड्डाणं बघायला येणारे बर्लिनकर अशी जत्रा तिथे भरू लागली. गेल्या आठवड्यात आपण या जत्रेतले बिनधास्त पुरुष पाहिले. आज त्यांच्या डोळ्यांत खुपलेली एक मुलगी, मेल्ली बेझे, आणि तिच्या बाजूने उभा राहिलेला फ्रेंच वैमानिक शार्ल बुतार.

मेल्ली ड्रेस्डेनजवळच्या लाउबेगास्टची, जन्म १८८६ चा. तिला शिल्पकार व्हायचं होतं, पण घराजवळच्या अकादमीत मुलींना दार बंद. म्हणून ती थेट स्टॉकहोमला जाऊन शिकली. परतल्यावर विमानाचं वेड लागलं आणि तिथेही दार बंदच. बाई पडली, मेली, तर शाळेची बदनामी होणार, असा शिक्षकांचा हिशेब. अखेर रोबेर्ट थेलेन शिकवायला तयार झाला. डिसेंबर १९१० मध्ये दोघं विमानासकट कोसळले आणि मेल्लीचा पाय मोडला. थेलेनने पुढे शिकवायला नकार दिला. पाय जुळून येताच ही पुन्हा मैदानावर हजर!

पुढे ती रुम्प्लर कंपनीचं 'टाउबे' उडवू लागली. टाउबे म्हणजे कबूतर. या विमानाचे पंख कसे चालत ते नीट समजून घ्यायला हवं. आजच्या विमानाच्या पंखाला मागच्या कडेला हलणारी झडप असते. टाउबेला ती नव्हती. वैमानिकाच्या हातातल्या चाकापासून तारा निघत आणि पंखाच्या टोकांपर्यंत जात. चाक फिरवलं की एका बाजूची तार ताणली जाई, कापड चढवलेला तो लवचीक पंख टोकाशी मुरडला जाई आणि विमान कलत असे. वाऱ्याचा झोत आला तर तोल सावरायचा तो या तारांच्याच भरवशावर. मेल्लीच्या सहकाऱ्यांनी तिच्या विमानाच्या तारांशी खेळ केले, टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलं, असं सांगितलं जातं. काही लेखक याला 'खोड्या' म्हणतात. मला हा शब्द फार सौम्य वाटतो.

परवान्याच्या परीक्षेत मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे मारायचे, किमान ५० मीटर उंची गाठायची आणि इंजिन बंद करून आधी ठरवलेल्या खुणेजवळ उतरायचं. १३ सप्टेंबर १९११ ला, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, मेल्लीने हे सगळं करून दाखवलं आणि विमानाचा परवाना मिळवणारी ती पहिली जर्मन स्त्री ठरली. (याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे अलाहाबादेत टपालाची पिशवी पहिल्यांदा विमानाने गेली, तीही एका फ्रेंच वैमानिकाच्या हाताने.)

१९१२ मध्ये तिने योहानिस्टालला स्वतःची उड्डाणशाळा काढली. शार्ल बरोबर होताच. दोघांनी मिळून टाउबेची आपली आवृत्ती बांधली, घडी घालून नेता येईल अशा विमानाची कल्पना लढवली, पाण्यावरून उडणारं विमान हाती घेतलं. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी लग्न केलं.

इथून गोष्ट विमानाची न राहता कायद्याची होते. परक्याशी लग्न करणाऱ्या बाईचं नागरिकत्व जर्मन कायद्याने आपोआप जाई. नवऱ्याचा देश तोच तिचा. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. इंग्लंड-अमेरिकेतही तेव्हा हीच रीत होती. म्हणजे पहिली जर्मन महिला वैमानिक लग्नाच्या दिवसापासून फ्रेंच झाली. दीड वर्ष त्याने काही बिघडलं नाही. ३ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ज्या मैदानावर ती शिकली, शिकवत होती, तिथे ती शत्रूदेशाची नागरिक ठरली. उड्डाण बंद, शाळा बंद, समुद्री विमान अर्धवट. शार्लला कैद झाली.

या जोडप्याची कहाणी 'शोकांतिका' म्हणून रंगवतात तेव्हा दैवाकडे बोट दाखवायचा मोह होतो. पण दैवाचा यात फारसा हात नाही. एका कलमाने बाईला नवऱ्याच्या खात्यावर टाकलं, बाकीचं युद्धाने केलं.

युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानं बांधण्यावरच बंदी आली. गेलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी दोघं झगडली, पण १९२३ च्या महागाईत मार्क कवडीमोल झाला. जगप्रवासाचा एक बेत आखला, तोही फसला. संसारही मोडला. १९२५ मध्ये मेल्लीने परवाना पुन्हा मिळवायचा प्रयत्न केला, त्यातही विमान आपटलं. त्याच डिसेंबरात, वयाच्या ३९ व्या वर्षी, बर्लिनमध्ये तिने आयुष्य संपवलं. परक्याशी लग्न करणाऱ्या बाईचं नागरिकत्व काढून घेणारा आपला कायदा अमेरिकेने तोपर्यंत, १९२२ मध्ये, बराच सैल केला होता. ब्रिटनमध्ये तो पुरता बदलायला १९४८ उजाडलं आणि जर्मन बायकांना तर त्याहूनही जास्त थांबावं लागलं.

पुढच्या आठवड्यात : युद्धाने विमानाच्या इंजिनाचं काय केलं.