इंजिन बदलले, गिरणी तीच

पिठाची गिरणी आपण सर्वांनीच पाहिली आहे. एका बाजूला दळणारे यंत्र, दुसऱ्या बाजूला इंजिन आणि दोहोंना जोडणारा पट्टा. पुष्कळ गावांत पूर्वी हे इंजिन तेलावर चाले. वीज आली तेव्हा गिरणीवाल्याने त्या जागी मोटार बसवली. गिरणी मात्र तीच राहिली. इंजिनाचा आणि गिरणीचा संबंध पट्ट्यापुरता होता, म्हणूनच हे जमले.

संगणकावरून चालणाऱ्या सेवांचीही हीच गोष्ट आहे. समजा, तालुक्यातील एका शाळेने शिष्यवृत्तीचे अर्ज फोनवरून घेण्याची सोय केली. यात दोन वेगळी कामे असतात. दारात उभे राहून येणारी विनंती ऐकायची आणि उत्तर परत पोचवायचे, हे पहिले काम. ते करणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हर म्हणतात. आपण त्याला इंजिन म्हणू. अर्ज तपासायचा, नोंदवायचा, उत्तर तयार करायचे, हे दुसरे काम. त्यासाठी लागणारी नेहमीची साधने ज्यात आयती मिळतात, तिला फ्रेमवर्क किंवा चौकट म्हणतात. पायथॉन भाषेतील जॅंगो ही अशीच एक चौकट. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ती तयार झाली आणि 2005 साली सर्वांसाठी खुली झाली.

त्याआधी पायथॉनच्या जगात मोठी अडचण होती. अमुक चौकट घेतली की तमुक इंजिनच घ्यावे लागे. म्हणजे गिरणी घेतली ती एकाच कंपनीच्या इंजिनावर चालणारी! यावर तोडगा म्हणून फिलिप एबी यांनी डिसेंबर 2003 मध्ये एक करार मांडला. त्याचे नाव डब्ल्यूएसजीआय. 2010 साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि ती आजही चालते. हा करार म्हणजेच आपला पट्टा.

आता बघा, करार किती साधा आहे. विनंती आली की इंजिन तिची माहिती एका यादीत भरते : काय मागितले, कोणत्या पत्त्यावर मागितले, सोबत मजकूर किती आहे. ही यादी आणि उत्तराची सुरुवात कळवण्याचे एक साधन, एवढ्या दोनच वस्तू इंजिन चौकटीच्या हाती देते. चौकट त्या साधनाने आधी ‘200, ठीक’ किंवा ‘404, सापडले नाही’ असा शेरा कळवते आणि मग उत्तराचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी परत करते. इंजिन तो मजकूर जसाच्या तसा धाडते आणि शेवटी, चौकटीने आवराआवरीची सोय ठेवली असेल तर, तिला हाक देते. एवढे पाळणारे कोणतेही इंजिन, तुम्ही स्वतः लिहिलेलेसुद्धा, जॅंगोला चालवू शकते.

याचा उपयोग काय, ते एका घटनेवरून कळेल. सुरुवातीची पुष्कळ वर्षे जॅंगो मॉडपायथॉन नावाच्या जोडणीवर चालवले जाई. 2010 साली अपाची संस्थेने त्या जोडणीचे काम थांबवले आणि 2013 मध्ये निघालेल्या जॅंगोच्या 1.5 या आवृत्तीतून तिचा आधार काढून टाकण्यात आला. पण ज्यांनी आपले प्रोग्रॅम चौकटीच्या नियमांनीच लिहिले होते, त्यांना ते पुन्हा लिहावे लागले नाहीत. त्यांनी सेवा सुरू करण्याची मांडणी बदलली आणि करार पाळणारे दुसरे इंजिन जोडले.

मग वाटेल ते इंजिन बसवले तरी चालेल का? नाही बरं का! इथेच पुष्कळजण फसतात. आपल्या शाळेच्या सेवेत पाच कामगार आहेत असे धरा. कामगार म्हणजे एका वेळी एकच विनंती हाताळणारी प्रोग्रॅमची प्रत. एका अर्जाला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर पाचजण मिळून सेकंदाला पन्नास अर्ज उरकतील. पण शेवटची तारीख आली. वाडीवरची मुलगी कमी रेंजच्या फोनवरून अर्जासोबत छायाचित्र पाठवते आहे. ते पोचायला पाच सेकंद लागतात आणि तेवढा वेळ एक कामगार नुसता हात पसरून उभा राहतो. अशा पाच मुली एकदम आल्या की सगळे दार अडते. पन्नासांच्या जागी सेकंदाला जेमतेम एक अर्ज. लोक म्हणतात, संगणक कमी पडला, मोठा घ्या. वास्तविक चूक इंजिनाच्या निवडीची असते.

गुनिकॉर्न हे प्रसिद्ध इंजिन मुळात अशाच कामगारांवर चालते. म्हणून त्याचे कर्तेच सांगतात, की पुढे एन्जिनएक्ससारखा द्वारपाल ठेवा. द्वारपाल संथ येणारा अर्ज पुरता गोळा करतो आणि मगच आत देतो. कामगार मोकळा राहतो आणि वाडीवरच्या मुलीचा अर्जही वेळेत पोचतो.

स्वतःचे इंजिन लिहिणाऱ्याने म्हणूनच चार गोष्टी पाहाव्यात. सांगितला तेवढाच मजकूर वाचावा. गप्प बसलेल्याची वाट किती पाहायची, याची मर्यादा ठेवावी. अवाढव्य विनंती नाकारावी. आणि एक अर्ज बिघडला म्हणून सारे इंजिन बंद पडू देऊ नये. याची खात्री नसेल, तर गावाच्या कामाला अनुभवी इंजिनच जोडावे.

परंतु शिकण्यासाठी स्वतःचे इंजिन अवश्य लिहावे. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. शंभर ओळींच्या आत छोटे इंजिन तयार होते. पायथॉनसोबतच डब्ल्यूएसजीआयरेफ नावाचा संच येतो. त्यातला तपासनीस मध्ये बसवला, की करार कोणी मोडला, इंजिनाने की प्रोग्रॅमने, ते तो दाखवतो. मग तोच प्रोग्रॅम दुसऱ्या इंजिनावर चालवावा. शाळेत विंडोजचे संगणक असतील तर गुनिकॉर्न त्यावर चालत नाही. तिथे वेट्रेस नावाचे इंजिन घ्यावे. प्रोग्रॅमची एक ओळही न बदलता उत्तर तेच आले, की पट्ट्याचे महत्त्व मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

इंजिने येतील आणि जातील. आपली गिरणी एकाच इंजिनाला जखडू नये आणि दळण घेऊन आलेला कोणीही, तो कितीही सावकाश आला तरी, दारातून परत जाऊ नये, एवढे आपण पाहावे.